वस्तऱ्याचा भाव करायचा असेल तर आधी पाठ बघा

तर मंडळी, वस्तरे. मागच्या व्हिडिओत माझ्यामागच्या कपाटातले वस्तरे तुम्हाला दिसले आणि मूळ विषय बाजूलाच राहिला. कमेंट्समध्ये दोनच प्रश्न. एक, "दाढीच्या वस्तऱ्याला एवढे पैसे कोण देतं?" आणि दुसरा, "आमच्या आजोबांचा शंभर वर्षं जुना आहे, किती येतील?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नुसत्या जुनेपणाला भाव नाही. जिलेटचा सेफ्टी रेझर १९०३ साली विकायला आला. त्याआधी बहुतेक गालांना लागायचा तो वस्तराच, त्यामुळे वस्तरे अफाट संख्येने बनले आणि आजही भरपूर शिल्लक आहेत. दुर्मीळ काय आहे, तर न बिघडवलेला वस्तरा. आजचा सगळा व्हिडिओ त्यावरच आहे.

प्राथमिक गोष्टी पटापट उरकू. पातं. त्याची एक कड म्हणजे धार, दुसरी जाड कड म्हणजे पाठ. पात्याचा मागचा भाग, ज्यावर कंपनीचा ठसा असतो, तो टँग. मूठ म्हणजे दोन पट्ट्या, पिनांनी जोडलेल्या. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, म्हणजे पाच अष्टमांश साधारण १६ मिलिमीटर, सहा अष्टमांश १९. रुंद पातं कमी दिसतं, म्हणून जास्त मागणी. झालं.

आता नावं. इंग्लंडमधलं शेफील्ड. तिथे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद काढायला सुरुवात केली, आणि त्यासाठी लागणारं उत्तम लोखंड यायचं स्वीडनमधून. जुन्या पात्यांवर 'कास्ट स्टील' लिहिलेलं दिसतं ते हेच. वेड अँड बुचर, जोसेफ रॉजर्स, वोस्टनहोम ही तिथली मोठी नावं. वेड अँड बुचरची ती अगडबंब, पाचरीसारखी जड पाती बघितली की संग्राहकांचं भान सुटतं. मग जर्मनीतलं झोलिंगन. तिथल्या सहाणवाल्यांनी पातं दोन्ही बाजूंनी इतकं पोखरून घासलं की नखावर हलकं दाबलं तर धारेची कड लवते, आणि दाढी करताना पातं चक्क आवाज करतं. स्वीडनमध्ये एस्किल्स्टुनाचा हेल्येस्ट्रांड, फ्रान्समध्ये तिएर गावातला तिएर-इसार, स्पेनचा फिलार्मोनिका, जपानचे इवासाकी. फिलार्मोनिकाचे भाव माझ्या मते उगाच चढलेत. वस्तरा चांगला आहे, पण नावाची हवा वस्तऱ्यापेक्षा मोठी झालीय. हे बोललो म्हणून मागच्या वेळी मला बऱ्याच शिव्या पडल्या होत्या. पडू देत, मत तेच आहे.

बरं, नाव मोठं आहे म्हणून वस्तरा महाग का? इथे येते पाठ.

वस्तरा दगडावर पाजवताना आडवा ठेवतात. धार टेकते आणि पाठही टेकते. कोन हाताने धरायचा नसतो, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून तो ठरतो, बनवणाऱ्याने तो आधीच ठरवून दिलेला असतो. म्हणजे धार झिजते तशी पाठही झिजते, आणि तसंच व्हायला हवं. पाठीवर केसाएवढी चकचकीत सपाट पट्टी दिसली तर काही बिघडलेलं नाही. वस्तरा वापरलाय, एवढंच. पण तीच पट्टी तीन-चार मिलिमीटर रुंद असेल, तर कोणीतरी त्या पात्याला दगडावर वर्षानुवर्षं दाबून रगडलंय. तेवढं पोलाद गेलं. परत येत नाही.

आता हेच धारेकडून बघा. पाठ एवढी झिजली तर धार कुठे राहिली असेल? सात अष्टमांशाचं पातं सहा अष्टमांशावर आलेलं असतं, आणि विकणारा सांगतो, "सहा अष्टमांश, उत्तम स्थितीत." बऱ्याचदा पातं मधल्या भागात जास्त आणि दोन्ही टोकांकडे कमी झिजलेलं असतं. मग धारेची रेघ मध्ये आत गेलेली दिसते, नाराज माणसाच्या ओठांसारखी. बाहेर फुगीर धार मूळचीच असू शकते, त्यात काही वावगं नाही. आत गेलेली धार मात्र कुठल्याच कारखान्यातून तशी निघत नाही.

आणि तिसऱ्यांदा, कारण एका प्रेक्षकाने विचारलंय, "सर, दाढी तर होते ना, मग काय फरक पडतो?" दाढीला नाही पडत! झिजलेल्या वस्तऱ्याने मीही दाढी करतो, रोजच्या कामाला तो उत्तम. पण संग्राहक पैसे देतो ते बनवणाऱ्याने जसा हातावेगळा केला तशा आकाराचे. त्याला तो आकार वाचायचा असतो. म्हणून नक्षीदार पाठीचे वस्तरे पाजवताना जाणकार लोक पाठीवर चक्क इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावतात. दगडाने पट्टी खाल्ली तर खाऊ दे, नक्षी खायला नको.

आता माझा राग. पॉलिश.

एका मित्राने मला मोठ्या कौतुकाने वस्तरा दाखवला. आरशासारखा चमकत होता. मशीनच्या चाकावर स्वतः घासला होता. मी म्हटलं, ठसा कुठेय? टँगवरची अक्षरं अर्धी विरघळून गेली होती. पात्यावर कोरीव मजकूर असतो ना, जहाज, गरुड, कंपनीची बढाई, तो आम्लाने वरवर कोरलेला असतो, त्याची खोली नावापुरतीच. त्यावर सोन्याचा मुलामा असेल तर तो अंगठ्याने जोरात पुसला तरी निघतो. मशीनच्या चाकापुढे त्याचा काय निभाव लागणार? वर चाकाने पातं तापतं. साध्या कार्बन पोलादाचं पातं २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्याचा कडकपणा उतरायला लागतो. मग दिसायला आरसा, पण धार टिकत नाही. काळपट डाग असलेला, पण अक्षरं ठळक असलेला वस्तरा त्या आरशापेक्षा कधीही जास्त पैसे आणतो. तेल लावा, मऊ कापडाने पुसा, थांबा.

वय ओळखायचं कसं, हेही विचारता. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव असणं सक्तीचं केलं, १८९१ पासून. म्हणून ठशात 'जर्मनी' दिसलं तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. पण उलटं धरू नका! देशाचं नाव नाही म्हणजे १८९१ च्या आधीचा, असं नाही. जो माल अमेरिकेला जाणारच नव्हता त्यावर कशाला लिहितील? मुकुटाशेजारी 'डब्ल्यू आर' असेल तर तो चौथ्या विल्यमचा काळ, १८३० ते १८३७. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया, पण ती १९०१ पर्यंत होती, त्यामुळे नुसत्या 'व्ही आर'वरून फारसं कळत नाही.

आणि हो, 'सिल्व्हर स्टील' लिहिलंय म्हणून त्यात चांदी आहे, असं सांगून कोणी चढा भाव मागत असेल तर हसून पुढे जा. सुऱ्या-कातऱ्या बनवणारे स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादात चांदी मिसळून पाहिली होती, प्रमाण होतं पाचशेत एक भाग. पुढे त्या नावाची फॅशन झाली आणि वाट्टेल त्या पात्यावर ते छापलं गेलं.

मुठीबद्दल दोन गोष्टी. हस्तिदंत असेल तर किंमत वाढते असं वाटतं, पण हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. पार्सल सीमेवर अडकतं, वस्तरा जातो आणि वर चौकशी मागे लागते. कासवाच्या पाठीच्या मुठींचंही तसंच. हस्तिदंत ओळखायला तापलेली सुई टोचा, असा सल्ला कमेंटमध्ये कोणीतरी दिलाय. अजिबात नको! ती मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, निघाली तर भडकन पेटेल. भिंगातून बघा. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात, नकली दंतात सरळ समांतर पट्टे.

सेल्युलॉइडचं दुसरं दुखणं म्हणजे ते सडतं. आम्लाची वाफ सोडतं, आणि मुठीच्या आत बरोबर धारेवर गंज चढतो. शेजारी ठेवलेले वस्तरेही त्यात जातात. बंद डब्यात सातचा संच असेल, आठवड्याच्या वारांची नावं पाठीवर कोरलेला, तर एक सडकी मूठ सगळ्यांना घेऊन बुडते. आणि संचातला एक जरी वस्तरा नंतर दुसरीकडून आणून बसवलेला असेल, तर त्याला संचाचा भाव मिळत नाही.

आजोबांच्या वस्तऱ्याचे फोटो पाठवताय ना? नुसत्या पात्याचा चमकदार फोटो नको. टँगच्या दोन्ही बाजू, पाठ वरून, धार उजेडासमोर धरून, आणि मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं का, तो एक. आणि कृपा करून फोटोसाठी घासू नका. डाग दिसू देत.