मृगाच्या बाणाखालचा काळा घोडा

नमस्कार! ही उदबत्ती बघा. मागे खिडकी उघडी आहे, ऊन येतंय. धूर कसा दिसतोय? मळकट, काळसर. आता खिडकी लावतो, मागे काळा कपडा धरतो आणि बाजूने टॉर्च मारतो. बघा, तोच धूर पांढराशुभ्र! धूर तोच आहे, उजेडाची जागा तेवढी बदलली.

आता आकाशात चला. मृग नक्षत्राच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यातला पूर्वेकडचा तारा अल्निटाक. त्याच्या जरा दक्षिणेला लाल उजेडाचा एक पडदा पसरलाय आणि त्या पडद्यावर काळी, घोड्याच्या मानेसारखी आकृती उभी आहे. हा हॉर्सहेड नेब्युला, म्हणजे घोड्याच्या डोक्यासारखा वायू-धुळीचा मेघ. अंतर साधारण 1300 ते 1400 प्रकाशवर्षं.

1888 साली हार्वर्डच्या वेधशाळेत काढलेल्या फोटोच्या काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांना तिथे एक अर्धगोल खाच दिसली. या बाई स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेल्या, वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी आधी मोलकरीण होत्या. पुढे छापलेल्या यादीत त्यांचं नावच आलं नाही, शोध पिकरिंग यांच्या नावावर गेला. मला हे फार लागतं. म्हणून या घोड्याची गोष्ट मी त्यांच्या नावाशिवाय सांगत नाही.

ती खाच म्हणजे आकाशातलं भोक नाही. तिथे गार वायू आणि धूळ आहे. वजनाने धूळ जेमतेम 1 टक्का, कणही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक. पण थर इतका जाड की मागचा उजेड अडतो. आणि मागचा लाल पडदा? तिथेही वायूच आहे, त्याच ढगाचा. फरक एवढाच की जवळच्या सिग्मा ओरायनिस ताऱ्याचे अतिनील किरण तिथल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ते परत अणूला येऊन मिळतात तेव्हा लाल प्रकाश बाहेर पडतो. म्हणजे आपला धूर नुसता उजळला होता, हा वायू स्वतः चमकतो.

2013 साली हबल या अवकाश दुर्बिणीने हाच घोडा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात टिपला. काळेपणा गेला आणि मलमलीसारखा झिरझिरीत मेघ दिसला, आरपार मागचे तारेसुद्धा! मघाचे ते अतिनील किरण मात्र या घोड्याला कडेकडेने झिजवतायत. साधारण 50 लाख वर्षांत तो उरणार नाही.

घोडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण जानेवारीत रात्री नऊला बायनॉक्युलर घेऊन गच्चीवर जा. बाणाच्या थोडं दक्षिणेला एक धुरकट ठिपका दिसेल. तो मृगातला मोठा तेजोमेघ, याच ढगांच्या पसाऱ्यातला.