पेशी तीच, शेजार निराळा

नमस्कार मंडळी. संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बांधणाऱ्या आपल्या नागपूर भागाला नव्यानं काय सांगायचं? डोळा चांगला असून भागत नाही, खुंट आणि जमीनही साथीला लागते. कर्करोगाच्या गाठीचंही तसंच आहे.

मला मात्र कोंबडीची गोष्ट सांगायची आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीची गाठ वाटली आणि तिचा अर्क गाळला. गाळणी इतकी बारीक, की एकही पेशी पार होऊ नये. तो अर्क टोचला, तर दुसऱ्या कोंबडीलाही गाठ! त्यात विषाणू होता. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे विषाणूतलं ते जनुकही सापडलं आणि वाटू लागलं, की ते पेशीत शिरलं की खेळ संपला.

१९८४ साली अमेरिकेत मीना बिसेल आणि डेव्हिड डोलबर्ग यांनी तोच विषाणू अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाला टोचला. गाठ आलीच नाही. ऐका हं, विषाणू पेशींत पोचला होता, जनुक कामालाही लागलं होतं, तरी गाठ नाही! त्याच पेशी बाहेर काढून काचेच्या बशीत वाढवल्या, तर लगेच कर्करोगी झाल्या. पेशी तीच, शेजार निराळा.

मग अंड्याबाहेर आलेल्या पिल्लाच्या एका पंखात विषाणू टोचला. गाठ तिथं आली. दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली, तर तिथंही आली! जखम भरताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांनी वाट करून दिली. खरचटलं म्हणून तुम्ही घाबरू नका, त्या पिल्लांच्या अंगात विषाणू होता.

२००४ साली उंदरांच्या स्तनग्रंथीवर प्रयोग झाला. कर्करोगकारक रसायन फक्त भोवतालच्या ऊतीला दिलं आणि तिच्यात निरोगी पेशी सोडल्या, तरी गाठी आल्या. पुन्हा सांगते, निरोगी पेशी, बिघडलेला शेजार.

म्हणूनच पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या त्या मिश्रणाचा, मला मनस्वी राग आहे. पाहुण्याला चहाआधी खर्रा विचारण्याची रीत बंद व्हायला हवी. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर आखडतं, दोरीसारखं ताठ होतं, आणि तिथं कर्करोगाचा धोका वाढतो. आज आरशासमोर आपली तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील, तर उद्याच दातांच्या डॉक्टरांकडे जा.