रस्ता तुटला त्या वर्षी

[दृश्य : पहाट. उंच कडा, खाली पॅसिफिक महासागर. कड्याच्या कुशीतून वाफ निघते आहे.]

डोंगराच्या पोटातून हे पाणी बाहेर येतं, तेव्हा ते जवळपास ४८ अंश सेल्सिअस गरम असतं. आधी दगडी कुंडांत पडतं, तिथून समुद्रात. कॅलिफोर्नियातला हा बिग सरचा किनारा. इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीवरूनच संस्थेचं नाव पडलं : एसालेन इन्स्टिट्यूट.

१९६२ मध्ये मायकेल मर्फी आणि डिक प्राइस या दोन तरुणांनी इथे शिबिरं सुरू केली. जमीन मर्फींच्या आजोबांनी घेऊन ठेवलेली. स्वतः मर्फी १९५६ मध्ये पाँडिचेरीला जाऊन अरविंदाश्रमात वर्षाहून अधिक काळ राहिले होते. ध्यान, मानसशास्त्र, शरीराची साधना हे सगळं एका छपराखाली यावं, ही ओढ तिथली. पुढे मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो इथे आले, मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स तर काही वर्षं इथेच राहिले. त्या दिवसांबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे. आपण मात्र २०१७ सालात जाऊ या. त्या वर्षी या जागेची खरी परीक्षा झाली, आणि ती ध्यानाच्या खोलीत नाही, हिशेबाच्या टेबलावर झाली.

[दृश्य : समुद्राला लगटून जाणारा वळणावळणाचा रस्ता.]

हा हायवे वन. १९३७ मध्ये खुला झाला. एका बाजूला सांता लुसिया डोंगर, दुसऱ्या बाजूला सरळ समुद्र. एसालेनला यायचं तर याच रस्त्यानं. पाहुणे याच रस्त्यानं येतात, भाजी-किराणा, गॅस, औषधं, सगळं याच रस्त्यानं.

२०१६ च्या उन्हाळ्यात इथे सोबेरानेस वणवा पेटला. कुणीतरी बेकायदा लावलेली शेकोटी विझवली नव्हती. १ लाख ३२ हजार एकर जंगल जळालं. मुळं जळाली की माती धरून ठेवणारं काही उरत नाही. त्याआधी कित्येक वर्षं दुष्काळ होता. आणि मग त्या हिवाळ्यात पाऊस असा कोसळला, की डोंगर सुटायला लागले.

२०१७ च्या फेब्रुवारीत उत्तरेकडच्या फायफर कॅन्यन पुलाचा खांब खचला. दरीचा उतारच सरकत होता, त्यानं खांबाला ढकललं. पूल वाकला, वाहतूक बंद झाली. तो इतका धोक्याचा ठरला की पाडायचं ठरलं; पण पाडायला गेले, तर लोखंडी गोळ्याचे घाव खाऊनही तो पहिल्या दिवसांत पडेना. दक्षिणेकडे दरडींनी वाट अडवलेली. मधला पट्टा जगापासून तुटला. गावकरी त्याला 'बिग सर बेट' म्हणू लागले.

एसालेनमध्ये अडकलेल्यांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढलं. शिबिरं थांबली.

[दृश्य : रिकामं जेवणघर. उलट्या ठेवलेल्या खुर्च्या.]

इथे जरा थांबून पैशाचं गणित समजून घेऊ. एसालेन ही ना-नफा संस्था आहे. ना-नफा याचा अर्थ एवढाच, की उरलेला पैसा कुणा मालकाच्या खिशात जात नाही. पगार, विमा, वीज, डागडुजी यांतून सुटका नसते. उत्पन्नाचा मोठा भाग येणाऱ्यांच्या शुल्कातून : शिबिर, राहणं, जेवण. विकला न गेलेला तांदूळ उद्या विकता येतो. रिकामी गेलेली रात्र परत मिळत नाही. खर्च मात्र त्या रात्रीचाही होतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लाकूड आणि लोखंड सांभाळावंच लागतं, मग पाहुणे असोत नसोत.

आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राचा हिशेब अगदी वेगळा आहे. तिथे शुल्कच नाही. दान देता येतं ते किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांना, आणि आचार्य मानधन घेत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे दोन्हीकडची शिबिरं बंद पडली, पण दोन्हीकडच्या रिकाम्या खोलीची किंमत सारखी नव्हती. जिथे माणसांची चूल पगारावर पेटते, तिथे खोली रिकामी राहिली की पहिला चटका त्या चुलीला बसतो.

एसालेनमध्ये तेच झालं. रस्ता तुटल्यावर जवळपास ९० टक्के कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवावं लागलं. स्वयंपाकी, माळी, मालिश करणारे, खोल्या आवरणारे. यातले अनेक जण संस्थेच्याच आवारात राहायचे. मला या सगळ्या गोष्टीत हीच बाब सर्वांत जड वाटते. ज्या जागेनं 'इथे या, मोकळं बोला, आधार घ्या' असं पन्नासहून अधिक वर्षं सांगितलं, तिला आपल्याच माणसांना सांगावं लागलं, की तुमचा पगार आता देता येणार नाही. हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. साठवण संपेपर्यंत पगार देत राहिलं असतं, तर परत यायला संस्थाच उरली नसती. पण 'रजेवर' आणि 'काढून टाकलं' या दोन शब्दांमध्ये जो धागा आहे, तो रस्ता खुला होईपर्यंत जपणं हेच तर चालवणाऱ्याचं काम. कधी बोलावू, हे आपल्यालाही ठाऊक नाही, हे खरं खरं सांगणं. दर आठवड्याला सांगणं.

आणि मदत मागणं. इथेही एक अडचण असते, ती देणगीवर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला ठाऊक आहे. कळसाला सोनं देणारे भेटतात. गाभाऱ्यातल्या तेलवातीसाठी दारोदार जावं लागतं. नव्या इमारतीसाठी पैसा उभा राहतो, पण बंद पडलेल्या महिन्याच्या विम्याचा हप्ता कुणाच्या नावाच्या पाटीवर कोरला जात नाही.

[दृश्य : हवाई चित्रण. समुद्रात शिरलेला मातीचा प्रचंड लोट.]

२० मे २०१७. आणखी दक्षिणेला मड क्रीकजवळ अख्खा डोंगर खाली आला. सुमारे पाव मैल रस्ता गाडला गेला आणि किनाऱ्याला १३ एकर नवी जमीन जोडली गेली. तो तुकडा पुन्हा वाहता व्हायला २०१८ चा जुलै उजाडला.

डोंगर सुटतो तेव्हा काय होतं, हे एसालेनला शिकवायला नको होतं. १९८५ मध्ये डिक प्राइस याच डोंगरात फिरायला गेले असताना वरून सुटलेल्या दगडानं गेले.

[दृश्य : अरुंद घाटरस्ता. ओकची झाडं. एकामागून एक वळणं.]

२०१७ च्या जुलैमध्ये जवळची एक दरड बाजूला झाली आणि एक वाट सापडली : नासिमिएन्तो-फर्ग्युसन रस्ता. लष्करी तळाच्या हद्दीतून निघून डोंगर ओलांडणारा, कठडे नसलेला, अरुंद. कुणी हौसेनं यावं असा हा मार्ग नाही. तरी एसालेननं त्याच्या भरवशावर दार उघडायचं ठरवलं. २८ जुलै २०१७. उत्तरेचा पूल अजून नव्हता, दक्षिणेचा हायवे मातीखाली होता, आणि पाहुणे तासन्‌तास घाट चढून-उतरून येत होते.

[दृश्य : फायफर कॅन्यन. दरीवर पोलादी पूल.]

नवा पूल १३ ऑक्टोबरला खुला झाला. २ कोटी ४० लाख डॉलर खर्च आला. पोलादी सांगाडा दरीच्या एका काठावर जोडला आणि हळूहळू पुढे सरकवत पलीकडच्या काठाला टेकवला. लांबी ३०० फुटांहून थोडी जास्त. ज्या उतारानं जुना खांब ढकलला, तो अजूनही तिथेच आहे. म्हणून या पुलाला दरीत एकही खांब नाही.

[दृश्य : पुलावरून दक्षिणेकडे जाणारी पिकअप गाडी. मागे भाजीच्या पेट्या.]