रेडफर्नच्या वस्तीचा क्लब

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते सिडनीच्या साउथ सिडनी रॅबिटोज या रग्बी लीग क्लबबद्दल. रग्बीचे दोन प्रकार आहेत. पंधरा जणांची युनियन आणि तेरा जणांची लीग. आपला क्लब तेरा जणांचा, लीगचा.

१९०७ साली ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू जखमी झाला, त्याची मजुरी बुडाली. ती भरून द्यायला युनियन रग्बी चालवणारे तयार नव्हते. हातावर पोट असलेले खेळाडू चिडले, त्यांनी वेगळी लीग काढायचं ठरवलं. त्यांच्या बैठका भरायच्या थोर फलंदाज व्हिक्टर ट्रंपर यांच्या दुकानात! हेच ट्रंपर पुढे नव्या लीगचे पहिले खजिनदार झाले. १७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्न या कामगार वस्तीच्या टाउन हॉलमध्ये साउथ सिडनी क्लब स्थापन झाला, आणि पहिल्याच मोसमात विजेता ठरला.

हा क्लब १९८७ पर्यंत रेडफर्न ओव्हलवर, घरच्या मैदानावर खेळला. मला विचाराल तर संघानं आपल्या वस्तीतच खेळावं. आणि वस्तीत मैदानंही राहिली पाहिजेत. पोरांचं मैदान पार्किंगला दिलं की माझा जीव तुटतो.

आता १९७० चा अंतिम सामना ऐका. सिडनी क्रिकेट ग्राउंड, समोर मॅनली हा सिडनीचाच दुसरा क्लब. साउथचा कर्णधार जॉन सॅटलर. सामना सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, तोच त्याच्या तोंडावर ठोसा बसला. जबडा मोडला. ऐकलंत ना? जबडा मोडला! त्यानं शेजारच्या माइक क्लिअरीला सांगितलं, मला धरून ठेव, मला लागलंय हे त्यांना कळता कामा नये. आणि तो खेळत राहिला. धडका देत होता, धडका घेत होता. मध्यंतरात सोबत्यांना खरा प्रकार कळला. त्यानं बजावलं, मला जपायचं म्हणून कुणी खेळातून बाजूला ठेवायचं नाही. उरलेली सत्तरेक मिनिटं मोडक्या जबड्यानं! एरिक सिम्सनं चार फील्ड गोल मारले, म्हणजे खेळता खेळताच लाथेनं चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून धाडला, साउथ २३-१२ नं जिंकलं. सॅटलरनं विजेत्याची ढाल स्वीकारली, त्याच जबड्यानं भाषण केलं, आणि मग इस्पितळात गेला. आज कुणी असं खेळू नये, डॉक्टरांनी बाहेर काढलंच पाहिजे. पण त्या माणसाची जिद्द सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

१९९९ च्या अखेरीस लीगनं संघ कमी करताना याच संस्थापक क्लबला वगळलं. संस्थापक क्लबला! नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ऐंशी हजार माणसं सिडनीच्या रस्त्यावर उतरली. जॉर्ज पिगिन्स अध्यक्ष होते, ते कोर्टात लढले, आणि २००२ मध्ये क्लब परत मैदानात आला.

२०१४ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, साउथनं बुलडॉग्ज या सिडनीच्याच क्लबला ३०-६ असं हरवून विजेतेपद मिळवलं. सॅम बर्जेसच्या गालाचं हाड पहिल्याच धडकेत मोडलं होतं, तरी तो शेवटपर्यंत खेळला. सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळालं. सॅटलरच्या त्या संघाचे प्रशिक्षक हेच चर्चिल होते.