अजगराचा उपास

(दृश्य: काचपेटी, मंद उजेड. चिमट्याच्या टोकाला लोंबणारा उंदीर.)

चिमटा धरणाऱ्याचा हात आता दुखायला लागलाय. समोर बॉल पायथन जातीचा पाळीव अजगर, वेटोळं घालून बसलेला. जीभ दोनदा बाहेर आली, आत गेली. मग त्यानं सावकाश डोकं वळवलं आणि स्वतःच्याच वेटोळ्याखाली घातलं.

पाचवा आठवडा. उंदीर पुन्हा कचऱ्यात.

मांजर दोन दिवस जेवलं नाही तर डॉक्टर गाठावा लागतो. सापाचं गणित निराळं. अंग ऊबदार ठेवायला तो अन्न जाळत नाही, ऊब बाहेरून उसनी घेतो. म्हणून एक जेवण त्याला कित्येक दिवस पुरतं. उलट जेवणं हेच त्याच्यासाठी मोठं काम असतं. ब्रह्मी अजगरांवरच्या 2005 च्या एका अभ्यासात दिसलं, की भरपेट खाल्ल्यावर दोनच दिवसांत हृदयाच्या जवनिकेचं, म्हणजे खालच्या कप्प्याचं, वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं. उपासात आक्रसलेलं आतडंही पुन्हा उभारावं लागतं. पुरेशी ऊब नसताना एवढा पसारा कोण मांडेल? गिळलेला उंदीर पोटात कुजायला लागला, तर उलटून टाकण्यावाचून गत नाही.

साप रुसलाय, असं पाळणारे सर्रास म्हणतात. रुसतोबिसतो काही नाही. आधी पेटी बघा.

(दृश्य: काचेवर चिकटवलेला गोल तापमापक.)

हा 32 अंश दाखवतोय. छान. पण साप काचेवर राहत नाही, तळाशी राहतो. वायरचा तापमापक जमिनीवर ठेवला, तर आकडा निघाला 27. बॉल पायथनला ऊबदार कोपऱ्यात 31 ते 33 लागतात, थंड बाजूला 25 ते 27. म्हणजे पाच आठवडे या पेटीत ऊबदार बाजू नव्हतीच.

दुसरी गोष्ट लपायच्या जागेची. इथली गुहा प्रशस्त आहे, माणसाला आवडेल अशी. सापाला मात्र अंग चहूबाजूंनी टेकेल अशी अडचणीची जागा हवी असते. तीन बाजूंच्या काचांना कागद लावला, गुहा बदलली.

कात टाकायच्या आधी डोळ्यांवर दुधाळ निळसर झाक येते. त्या दिवसांत विचारूच नका. वयात आलेले नर विणीच्या हंगामात महिनेच्या महिने तोंड लावत नाहीत. पिल्लांची शिदोरी मात्र तोकडी, त्यांना इतकी मुभा देता येत नाही.

आता उंदीर. गोठवलेला, रात्रभर फ्रीजमध्ये वितळवलेला, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवलेला. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये, उंदीर फुटतो. का ते ज्यानं एकदा पेटी पुसलीय त्याला विचारा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात. कोमट, ओलसर गोळा त्यांना भक्ष्य वाटत नाही. उंदराच्या डोक्याकडची बाजू 38 अंशांच्या आसपास हवी. जिवंत उंदीर सोडून निघून जाणं तर नकोच. भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो.

आणि रोज समोर नाचवू नका. नाही म्हणाला, की आठ-दहा दिवस थांबा. तोवर हातातही घेऊ नका.

(दृश्य: स्वयंपाकघरातला वजनकाटा, वर डबा, डब्यात साप.)

उपास मोजायचा तो वजनावर. पहिल्या आठवड्यात 1240 ग्रॅम, आज 1205. याला घट म्हणायची, संकट नव्हे. दहा टक्क्यांच्या पुढे गेली, पाठीचा कणा वर दिसू लागला, तोंड उघडून श्वास चालला, नाकाशी बुडबुडे आले किंवा हिरड्यांवर पिवळट घाण साचली, तर सरीसृपांची माहिती असलेला पशुवैद्य गाठायचा. जबरदस्तीनं घास कोंबणं हे घरी करायचं काम नव्हे.

सातवा आठवडा. तळाशी 32. संध्याकाळ, दिवे बंद. उंदीर पुढे केला. मान आखडली, जीभ भराभर चालली. एक मिनिट. तीन मिनिटं. काही नाही.

उंदीर गुहेच्या तोंडाशी ठेवला, पेटीवर चादर टाकली. कॅमेरा चादरीबाहेर राहिला.

सकाळी तिथं फक्त एक ओला डाग होता. गुहेत, सापाच्या अंगाच्या मधोमध, एक फुगवटा.