माझी पिन बघशील का?

(पॅकिंगची लांब खोली. फरशीवर निळं-पिवळं कापड पसरलेलं. एक बाई त्यावर पालथी पडून हवा दाबून काढते आहे.)

कापडावर पालथी पडलेली ती मी. अंगाखाली माझं पॅराशूट आहे. या चित्रपटात आकाशातली दृश्यं पुढे येणारच आहेत, भरपूर आहेत. पण सुरुवात इथून व्हावी हा माझा आग्रह होता. ड्रॉप झोनवरचा, म्हणजे आम्ही जिथून विमानात चढतो आणि जिथे उतरतो त्या मैदानावरचा, बराचसा वेळ या फरशीवर जातो आणि भीतीबद्दल मला जे थोडंफार कळलं, ते इथेच कळलं. आज मी १८वी उडी मारणार आहे. या खेळात १८ म्हणजे अगदीच कच्चं वय.

(जवळून: कापडाचे कप्पे.)

पॅराशूट म्हटलं की डोळ्यांपुढे गोल छत्री येते. हा मात्र चौकोनी पंख आहे. वर एक थर, खाली एक थर, मधे उभ्या पडद्यांनी पाडलेले नऊ कप्पे. पुढची कड उघडी, मागची शिवलेली. पुढून वारा शिरतो, कप्पे फुगतात आणि कापडाचा पंख होतो. पतंग बनवणाऱ्या डोमिना जाल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात या रचनेचं पेटंट घेतलं. आज आम्ही हवं तिथे वळू शकतो, उभ्या पायांवर उतरू शकतो, ते या कप्प्यांमुळे.

(हात. दोऱ्या बोटांमधून सरकताहेत.)

आता हात बघा. दोऱ्यांचे गट वेगळे करायचे, एकही दोरी दुसरीवर चढता कामा नये. ब्रेकच्या दोऱ्या, म्हणजे पंख वळवायच्या आणि मंदावायच्या दोऱ्या, खुणेपर्यंत ओढून अडकवायच्या. मग हा चौकोनी तुकडा, चार कोपऱ्यांत चार कड्या असलेला. याला स्लायडर म्हणतात. सगळ्या दोऱ्या या कड्यांतून ओवलेल्या आहेत. घडी घालताना तो वर, पंखाला टेकेपर्यंत न्यायचा. पॅराशूट उघडतं तेव्हा स्लायडर वाऱ्यावर अडून राहतो आणि मग हळूहळू खाली घसरतो. तेवढ्या अवधीत पंख बेताने फुगतो. ताशी १९० किलोमीटरचा वेग तीन-चार सेकंदांत उतरवायचा असतो. स्लायडर खालीच राहिला, तर पंख एका झटक्यात उघडतो आणि तो झटका मानेला आणि पाठीला सोसावा लागतो.

कापड सुळसुळीत आहे. हवा त्यातून आरपार जात नाही, म्हणून आत अडकलेली हवा अशी अंगाने दाबून काढावी लागते. पहिल्या वेळी मला दीड तास लागला होता, कोपरं सोलवटली होती. आता पाऊण तास लागतो. माझ्या मागे तो दाढीवाला दिसतोय ना, त्याची एवढ्या वेळात चार पॅराशूट भरून होतात. त्याने मला एकदाही लवकर आटप म्हटलेलं नाही.

(जवळून: दोरीवरची इवलीशी खिडकी. आत हिरवा रंग.)

हे छोटं पायलट च्यूट. हवेत मी हे हाताने फेकते आणि ते मोठ्या पॅराशूटला बाहेर ओढून काढतं. त्याच्या दोरीवर ही बारीकशी खिडकी ठेवलेली आहे. खिडकीत रंग दिसला, तर पायलट च्यूट नीट ताणून तयार केलेलं आहे. रंग नसेल, तर ते वाऱ्यात फुगणार नाही आणि पाठीवरचं गाठोडं गाठोडंच राहील. मी रंगावर बोट ठेवते आणि मोठ्याने म्हणते, "हिरवा." खोलीत कुणी वळूनही बघत नाही. सगळेच कधी ना कधी असं मोठ्याने म्हणतात.

आणि शेवटी पिन. किंचित वाकलेली, बोटाच्या पेराहून थोडी मोठी धातूची पिन. दोऱ्याच्या एका फासात ती अडकवली की सगळं बंद. पण ही पिन पाठीवर असते. तिथे माझे डोळे पोचत नाहीत.

(मैदानाच्या कडेला दोघं. एक पाठमोरा. दुसरा त्याच्या पाठीवरचा फ्लॅप उघडतो.)

"माझी पिन बघशील का?"

दिवसभर हे वाक्य कानावर पडतं. हजारो उड्या मारलेला माणूस काल आलेल्या पोरीला हे विचारतो, आणि ती त्याच्या पाठीवरचा फ्लॅप उघडून बघते. पिन पूर्ण आत आहे का. फास झिजलाय का. राखीव पॅराशूटची पिन जागेवर आहे का. मग पुढून: छातीचा पट्टा बकलमधून नीट ओवलाय का, पायांचे पट्टे घट्ट आहेत का, हँडल जागच्या जागी आहेत का. शेवटी पाठीवर थाप. अर्ध्या मिनिटाचं काम. या चित्रपटात मला एकच गोष्ट दाखवायला मिळाली असती, तर मी हे अर्धं मिनिट दाखवलं असतं.

राखीव पॅराशूटला मात्र मी हात लावत नाही. ते परवानाधारक रिगरच, म्हणजे पॅराशूटचा तंत्रज्ञच, भरतो. वापरलं नसलं तरी ठरावीक मुदतीनंतर ते उघडून, तपासून, पुन्हा भरतात. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे. पाठीवरच्या त्याच गाठोड्यात एक छोटं यंत्र असतं. जमिनीपासून साधारण २२५ मीटरवरही माणूस मुक्त पतनाच्या वेगाने पडत असेल, तर हे यंत्र राखीव पॅराशूटचा फास आपोआप कापतं. पहिलं भरवशाचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, सायप्रेस, १९९१ साली जर्मनीत आलं. माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचं भान हरपलं, तर हाताची वाट बघायची नाही, एवढ्यासाठी ते आहे.

(छताला टांगलेला हार्नेस, म्हणजे पॅराशूट अंगाला बांधायचे पट्टे. त्यात लटकलेली विद्यार्थिनी. प्रशिक्षक बाजूला उभा.)

हे दृश्य दोन महिन्यांपूर्वीचं, माझ्या पहिल्या दिवसाचं. प्रशिक्षक पंखांची चित्रं दाखवतोय: दोऱ्यांना पीळ पडलेला पंख, मधेच दुमडलेला पंख, पिशवीतून बाहेरच न आलेला पंख. मी सांगायचं, हे सुटेल की सोडावं लागेल. पीळ असेल तर पाय झाडून सोडवता येतो. बाकी दोन्हींसाठी हात ठरलेल्या क्रमाने चालले पाहिजेत.

"लाल बघ. चंदेरी बघ. लाल ओढ. चंदेरी ओढ."

लाल हँडल बिघडलेलं पॅराशूट सोडून देतं, चंदेरी हँडल राखीव उघडतं. निर्णय २,५०० फुटांच्या आत जाण्याआधी झाला पाहिजे. त्या दिवशी मी हे तीसेक वेळा केलं. रात्री अंथरुणात केलं. आजही विमानात बसल्यावर एकदा करते.

(जवळून: खांद्यावरच्या तीन कड्या, एकीत एक.)

लाल हँडल ओढल्यावर जे सुटतं, ते हे. मोठी कडी, तिच्यातून मधली, तिच्यातून छोटी, आणि छोटीला धरून ठेवणारा एवढासा दोरा. प्रत्येक कडीमागे भार कमी होत जातो आणि आख्ख्या माणसाचं वजन शेवटी त्या दोऱ्याला जाणवेनासं होतं. एक हँडल ओढलं की दोन्ही खांदे बरोबरच मोकळे. बिल बूथ यांनी १९७०च्या दशकात ही रचना केली. मी किती वेळ तिच्याकडे बघत बसते, ते चित्रीकरण करणाऱ्यालाच विचारा.

(जुनं कृष्णधवल छायाचित्र. छोट्या चणीची मुलगी, अंगावर हार्नेस.)

ही जॉर्जिया ब्रॉडविक. सगळे तिला 'टायनी' म्हणत. उंची जेमतेम ५ फूट. १५ वर्षांची असताना, १९०८ साली, तिने फुग्यातून पहिली उडी मारली. तेव्हा पॅराशूट उघडणारी दोरी विमानाला किंवा फुग्यालाच बांधलेली असे. १९१४ साली अमेरिकी सैन्याला प्रात्यक्षिक दाखवताना ती दोरी विमानाच्या शेपटीत अडकली. पुढच्या उडीला तिने दोरी कापून आखूड केली आणि विमानापासून मोकळी झाल्यावर स्वतःच्या हाताने ओढली. ठरवून केलेल्या मुक्त पतनाच्या अगदी पहिल्या उड्यांमधली ही एक मानतात. आधीच्या उडीत काय चुकलं, हे बघून तिने पुढची उडी बदलली. माझ्या पॅकिंगच्या पेटीच्या झाकणाला आतून तिचा फोटो चिकटवलेला आहे.

(विमानाच्या आत. माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. खिडकीतून जमीन लहान होत जाते.)

चढायला पंधराएक मिनिटं लागतात. मी कुठे आहे ते ओळखू येईल: सगळ्यांत शांत बसलेली ती. आतून मी शांत नाही.

१९६०च्या दशकात वॉल्टर फेन्झ आणि सीमोर एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी अशाच चढणाऱ्या विमानांमध्ये पॅराशूटवाल्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि त्वचेवरचा घाम मोजला. नवख्यांचा आलेख उडीच्या क्षणापर्यंत वर वर जात राहिला. अनुभवी लोकांचा आलेख आधी चढला आणि मग, उडी जवळ येत गेली तसा, उतरू लागला. म्हणजे भीती त्यांनाही वाटतच होती. त्यांची भीती लवकर येत होती, हाताशी वेळ असतानाच येऊन जात होती.

हे समजल्यापासून मी फरशीवर घाबरून घेते. दोऱ्या मोजताना, रंगावर बोट ठेवताना. तिथे काही चुकलेलं सापडलं तर दुरुस्त करता येतं. दारात सापडलेल्या भीतीचं काय करायचं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

(हात पुढे येतात. मूठ मुठीला लागते. प्रत्येकजण प्रत्येकाशी.)

दार उघडण्याआधी सगळे सगळ्यांशी हात मिळवतात. जे शेजारी नाहीत, त्यांच्यापर्यंत हात ताणून.

(दार. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

(मुक्त पतन.)

१३,००० फुटांवरून ५,५०० फुटांपर्यंत साधारण ४५ सेकंद. पोटात खड्डा पडतो असं सगळ्यांना वाटतं, तो पडत नाही. विमानाचा वेग अंगात आधीच असतो, वारा आधीच अंगावर असतो, त्यामुळे खाली पडण्यापेक्षा वाऱ्यावर पालथं झोपल्यासारखं वाटतं. कंबर पुढे, हनुवटी वर, पाय किंचित मागे. दर थोड्या सेकंदांनी मनगटावरच्या मापकातली उंची. बघा, मी बघते आहे. आणि पुन्हा. उंची बघणं हेच त्या ४५ सेकंदांतलं माझं मुख्य काम आहे.

(हात डोक्यावर दोनदा हलतात. उजवा हात मागे जातो. पायलट च्यूट.)

(पंख उघडतो. वाऱ्याचा आवाज बंद. पुन्हा निवेदन नाही.)

चौकोनी. स्थिर. हातात आलेला. डावीकडे वळवून बघते, उजवीकडे, दोन्ही ब्रेक पूर्ण खाली. ठीक आहे. आता पाचएक मिनिटं माझी.

लोक विचारतात, पॅराशूट उघडलं नाही तर? आमच्या खेळातल्या अनेक दुखापती चांगल्या उघडलेल्या पंखाखाली, जमिनीजवळ होतात. खाली येऊन घेतलेलं वळण, उशिरा ओढलेले ब्रेक. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने २०२३ साली सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांमागे १० मृत्यू नोंदवले. १९७०च्या दशकात, उड्या खूप कमी असताना, तिथे वर्षाला ४०हून जास्त माणसं जात होती. साधनं सुधारली की माणसं त्या प्रमाणात जास्त धोका घेतात, हे बिल बूथ यांनीच सांगून ठेवलंय. छोटे आणि वेगवान पंख वापरणाऱ्यांकडे बघितलं की ते पटतं. माझ्या तुकडीतल्या एकीचा घोटा मोडला. त्या दिवशी कॅमेरा नव्हता.

(विंडसॉक, वारा दाखवणारी कापडी नळी, आडवा ताठ. बाकांवर बसलेली माणसं. कुणी पत्ते खेळतंय, कुणी झोपलंय.)

वारा. विद्यार्थ्यांसाठी अमेरिकी नियमांत ताशी १४ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यापलीकडे आम्ही जमिनीवर. अशा चार तासांत मी इथल्या लोकांना ओळखायला लागले. कुणी शल्यविशारद, कुणी ट्रक चालवणारा, कुणी अजून कॉलेजात. पहिल्यांदा काही केलं की सगळ्यांना बिअर पाजायची प्रथा आहे. बिअर न पिणारे खाऊ आणतात. कुणाचंही आडनाव मला माहीत नाही, पण कोण घाबरलं की बडबड करतो आणि कोण गप्प होतो, हे माहीत आहे.

(विमान उतरतं. दार उघडं. आत एक मुलगा, हेल्मेट मांडीवर. पाठीवरचं पॅराशूट बंदच.)

या दृश्याबद्दल आमच्यात वाद झाला. ते ठेवू या, असं मीच म्हटलं, आणि त्यानेही परवानगी दिली. त्याची ही तिसरी उडी होती. दारापर्यंत गेला आणि मान हलवली. प्रशिक्षकाने त्याच्या पट्ट्याला हात घातला, त्याला मागे बसवलं, आणि दोघं विमानासोबत खाली आले. तो उतरला तेव्हा काय झालं ते बघा. दाढीवाला पुढे गेला आणि त्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं. कुणीतरी पाणी दिलं. एकानेही 'का' विचारलं नाही. नको म्हणायची लाज वाटायला लागली, की माणसं नको म्हणायचं सोडून देतात, आणि मग फास झिजलेला दिसूनही गप्प राहतात. मला या लोकांमध्ये राहायचंय, त्याचं कारण हा प्रसंग आहे.

(पुढचा शनिवार. सकाळ. विमानाकडे जाणारी रांग.)

हे शेवटचं चित्रण. रांगेत माझ्या पुढे तोच मुलगा आहे. तो थांबला, मागे वळला आणि मला म्हणाला, "माझी पिन बघशील का?"

मला हे विचारणारा तो पहिलाच.

फ्लॅप उघडला. पिन पूर्ण आत. फास घट्ट, कुठे झिजलेला नाही. राखीवची पिन जागेवर, रिगरचं सील अखंड. खिडकीत रंग हिरवा. मी मोठ्याने म्हटलं, "हिरवा." पुढून छातीचा पट्टा, पायांचे पट्टे, लाल हँडल, चंदेरी हँडल. पाठीवर थाप दिली.

मग मी वळले आणि माझी पाठ त्याच्यापुढे केली.