70 पानांचा पुडा

(पहाटेचा अंधार. मोबाइलच्या उजेडात पायवाट. पुढे चालणाऱ्यांच्या पाठी.)

मे महिना. पूर्व विदर्भात दुपारी पारा 44-45 अंशांवर जातो, म्हणून काम उन्हाच्या आधी उरकायचं. पहाटे चार-साडेचारला घरं रिकामी होतात. माय, बा, काकू, थोरला भाऊ, आणि त्यांच्या मागून आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली आठवी-नववीतली पोरं. कुणाच्या डोक्याला दुपट्टा, कुणाच्या खांद्यावर जुन्या लुगड्याची झोळी. सगळे तेंदूची पानं तोडायला निघालेत.

शहरातल्या मुलाला सुट्टीत चार पैसे मिळवायचे असले, तर आधी कुणाकडे तरी शब्द टाकावा लागतो. ओळखीचं दुकान, मामाचं झेरॉक्स सेंटर, शेजारच्यांचा क्लास. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात शब्द टाकावा लागत नाही. काम आपणहून दारात येतं, दोन-तीन आठवडे राहतं, आणि त्या दिवसांत घरातला एकही हात मोकळा ठेवत नाही.

(तेंदूचं झुडूप. तांबूस कोवळी पानं, मग हिरवी.)

हेच ते पान. विडी वळायला लागतं ते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं छाटतात, त्याला इकडे खुटकटाई म्हणतात. छाटलेल्या खुंटाला फुटवे येतात आणि साधारण दीड महिन्यात पान तोडणीला येतं. फार कोवळं चालत नाही, फार जून झालं तर वळताना मोडतं. भोक नको, डाग नको, गाठ नको. कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे शिकवायला कुणी वेगळा वेळ काढत नाही. पोरगी चुकीचं पान तोडते, माय मागून म्हणते, "लहान पान काहून तोडलं वो?" आणि पुढच्या झुडपापाशी नजर थोडी तयार झालेली असते.

मुलं मध्येच गायब होतात. न छाटलेल्या मोठ्या तेंदूखाली पिवळी टेंभरं पडलेली असतात, गोड, जराशी तुरट. ती वेचण्यात दहा मिनिटं जातात. त्यावरून कुणी रागावत नाही. पण एकट्यानं लांब गेलं तर हाक येते, आणि तीत भीती असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघ आहेत, आणि तेंदूच्या दिवसांत वाघानं माणूस मारल्याच्या बातम्या येतात. पान तोडणारा खाली वाकलेला असतो, झुडपाआड असतो, आणि वेळ पहाटेची. वनखातं सांगतं, गटानं जा, आवाज करत जा. लोक तसंच जातात. तरी जातात, हेही आहेच.

(अंगण. पानांचे ढीग. भराभर चालणारी बोटं.)

नऊ-दहा वाजता सगळे घरी. आता सावलीतलं काम, आणि इथे राज्य पोरांचं. पानं जुळवायची, 70 मोजायची, सालीच्या दोरीनं बांधायची. झाला एक पुडा. कुणी पाच-पाचची चिमूट धरून चौदा वेळा मोजतं, कुणी दहा-दहाच्या सात. म्हाताऱ्यांची बोटं आखडलेली असतात, बारा-चौदा वर्षांच्या पोरांची नाही. शंभर पुडे म्हणजे 7,000 पानं. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे 70,000 पानं. सातच्या पाढ्याला इतका राबता दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी माल फळीवर जातो. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, जिथे पुडे रांगेनं वाळत घालतात, काही दिवसांनी उलटतात, आणि शेवटी पाणी शिंपडून बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यात, भरतात. तिथे मुन्शी बसलेला असतो. तो पुडे मोजतो, हलका वाटला तर सोडून बघतो, खराब निघाला तर बाजूला टाकतो, आणि कार्डावर आकडा लिहितो.

कार्ड बापाच्या नावावर आहे. ज्या पुड्यांवर त्याच्या मुलीची बोटं फिरली, तेही त्याच्याच आकड्यात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मुलीलाही नाही. पण तिनं स्वतः किती कमावलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

(शाळेची बंद खोली. फळ्यावर राहिलेली जुनी अक्षरं.)

कायदा काय म्हणतो? बालकामगारविरोधी कायदा 1986 चा. 2016 मध्ये तो बदलला, आणि 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सगळ्याच धंद्यांत बंदी आली. एक वाट ठेवली: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, घरच्या बिनधोक कामात मदत. त्यानंतर नियम आले. त्यांत लिहिलंय की ही मदत संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात करायची नाही.

सकाळी 8. तोवर जंगलातलं निम्म्याहून जास्त काम संपलेलं असतं. हा नियम करणाऱ्याला मे महिन्यातलं गडचिरोली माहीत नव्हतं, किंवा असलं तरी त्यानं विचारात घेतलं नव्हतं. नियम वाईट नाही. पोरांना रात्री-पहाटे राबवू नये, हे बरोबरच. पण तो अक्षरशः पाळायचा तर मुलानं भर उन्हात पानं तोडावीत, असा त्याचा अर्थ निघतो.

आणि याच पानाची पुढची गंमत बघा. 1986 च्या कायद्यात मुलांना बंदी असलेल्या प्रक्रियांची यादी होती. तिची सुरुवात विडी वळण्यापासून होती. म्हणजे तेंदूचं पान बांधून फळीवर देईपर्यंत ती घरची मदत म्हणून निभावून जाते. तेच पान सोलापूर-सिन्नरच्या घरात सुपामध्ये आलं, त्यात तंबाखू पडली, की तेरा वर्षांच्या मुलीनं त्याला हात लावायचा नाही. तंबाखूची धूळ बघता हे योग्यच आहे.

चौदा ते अठरा या वयाचं काय? त्यांना काम करता येतं, मात्र खाण, स्फोटकं, धोक्याचे कारखाने वर्ज्य. प्रत्यक्षात इथे असं काम आहेच कुठे? रोजगार हमीच्या जॉब कार्डावर नाव यायला 18 पूर्ण व्हावी लागतात. मग उरतं जंगल.

(आठवडी बाजार. तराजू. पिशवीतून ओतलेल्या चारोळीच्या बिया.)

जंगलात मुलांची स्वतःची म्हणावी अशी कमाईही होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटपतात, ती वेचून वाळवायची. एप्रिल-मेमध्ये चार, म्हणजे चारोळीचं झाड, पिकतो. काळं फळ खायचं, बी धुऊन वाळवायचं, आणि आठवडी बाजारात किराणावाल्याकडे न्यायचं. हीच बी फोडली की शहरातल्या बासुंदीत पडणारी चारोळी होते. एके काळी व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जात, ही आठवण इकडचे म्हातारे सांगतात. आता पैसे मिळतात. थोडे, पण पोराच्या हातात. त्याचं काय करायचं हे तोच ठरवतो: चप्पल, मोबाइलचं रिचार्ज, धाकट्या बहिणीला भजी.

तराजूकडे नीट बघायला तो इथेच शिकतो. काटा स्थिर व्हायच्या आधीच दुकानदार माल उचलतो आहे का, हे बघायला. पहिल्या वर्षी फसतो, दुसऱ्या वर्षी घासाघीस करतो.

मौज म्हणजे, आयकर कायद्याला हा फरक कळतो. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात, पण अंगमेहनतीनं किंवा स्वतःच्या कौशल्यानं कमावलेलं मिळवत नाहीत. ती त्याची वेगळी कमाई. या घरांना आयकराशी काही देणंघेणं नाही, हे सांगायला नको.

बँकेचंही तसंच. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावानं बचत खातं उघडून ते स्वतः चालवता येईल, अशी मुभा रिझर्व्ह बँकेनं 2014 मध्येच दिली. तेंदूची मजुरी त्या खात्यात यायची तर कार्डावर मुलाच्या वाट्याचा आकडा हवा. तो वेगळा कुणी मांडलेलाच नाही.

(ग्रामसभा. झाडाखाली गोल करून बसलेली माणसं.)

तेंदूचा व्यापार 1969 च्या कायद्यानं सरकारनं आपल्या हाती घेतला होता. पानं तोडणाऱ्याला मजुरी, बाकी सगळं वरचे ठरवणार. 1996 चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि 2006 चा वनहक्क कायदा आला, गौण वनोपजावर, म्हणजे तेंदू, मोह, चारोळीसारख्या मालावर, ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा देणारं हेच ते गाव. पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. मजुरीशिवाय रॉयल्टी, म्हणजे पानांवरच्या हक्कापोटीची रक्कम, गावात येऊ लागली. कुठे कंत्राटदार पैसे थकवतो, कुठे भाव पडतो, भांडणं होतात. पण आता ती भांडायला जागा आहे.

एक गाव याच्या पुढे गेलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणंच बंद केलं. पानासाठी झुडूप छाटलं की फळ येत नाही, आणि पानाची होते विडी. त्यांनी बांबूवर भर दिला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, आणि तो सगळ्यांना परवडणारा नाही हेही दिसतं. ज्या गावाजवळ बांबू नाही, त्यानं मे महिन्यात काय करायचं?

(पाऊस. फळी रिकामी. बोद भरलेला ट्रक वळणावर.)

वळवाचा पहिला मोठा पाऊस हंगाम संपवतो. मजुरीतून आधी बियाणं, मग उधारी, मग लग्नाचा आहेर, आणि राहिलं तर वह्या, दप्तर. विदर्भात शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मुलगी परत आश्रमशाळेत जाते.

रॉयल्टी नंतर येते, कधी काही महिन्यांनी. तिचा हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाचतात: गोण्या किती, दर काय, कुणाच्या कार्डावर किती. शंका असेल त्यानं विचारायची असते. ग्रामसभेत नाव मतदारांचं, म्हणजे 18 वर्षांवरच्यांचं. पुडे मोजणारी त्या दिवशी वसतिगृहात असते.